व्हिटबीच्या कड्यावर आठ दिवस

सुट्टी ह्या शब्दाशी धर्मगुरूची ओळख तशी बेताचीच असते. मुलांना सुट्टी लागली की आमची शिबिरे सुरू होतात, नोकरदारांना सुट्टी मिळाली की लग्ने निघतात, आणि साऱ्या गावाला सणाची उसंत मिळाली की आमची दमछाक होते. त्यामुळे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या भाच्याने २०२४ साली फोनवरून आमंत्रण दिले, तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. "फादरमामा, आईला घेऊन या. मे महिन्याच्या अखेरीस शाळेला आठवडाभर सुट्टी असते. समुद्रकाठी एक लाकडी केबिन घेतली आहे. तिथे मीटिंग नाही, मयत नाही आणि दाराची घंटा तर नाहीच," असे तो म्हणाला. घंटेवाचून आठ दिवस माणूस करतो तरी काय, असा प्रश्न आम्हांस पडला.

आमची ही बहीण आमच्याहून नऊ वर्षांनी थोरली. थोरली असूनही आमच्या गुरुदीक्षेच्या दिवसापासून ती आम्हांस 'फादर' म्हणते आणि 'अहो-जाहो' करते. फक्त रागावली म्हणजे तेवढ्यापुरते 'अरे-तुरे'वर येते. विमान सुटल्यावर तिने आपल्या मनातील गोष्ट बाहेर काढली. नात नऊ वर्षांची झाली, पण तिला धड मराठी येत नाही, मराठी प्रार्थना तर नाहीच. "फादर, तुमचे ती ऐकेल. आठ दिवसांत निदान जेवणाआधीची प्रार्थना तरी तिच्याकडून पाठ करून घ्या." आम्ही लगेच होकार दिला. सुट्टीत करण्यासारखे काम मिळाले ह्याचे आम्हांस बरेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

व्हिटबी हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील, यॉर्कशायर परगण्यातील एक जुने बंदर आहे. यॉर्कवरून तिकडे जाताना वाटेत मूर लागते. मूर म्हणजे मैलोगणती पसरलेले, झाडाविना उघडे माळरान. हीदर नावाच्या काटक झुडपांनी ते झाकलेले असते. ऑगस्टात सारा माळ जांभळा होतो, असे भाचेसून म्हणाली. आम्हांस तो तपकिरीच दिसला. मेंढ्या रस्त्यावर अशा निर्धास्त बसल्या होत्या की आपल्याकडील गाईगुरांची आठवण यावी. मग एका उतारावर अचानक समुद्र दिसला आणि त्याच्या काठाशी, उंच कड्यावर, एका भग्न मठाच्या भिंती. छप्पर नाही, खिडक्यांना काचा नाहीत, कमानींतून नुसते आभाळ. वसईच्या किल्ल्यातील छपरे गेलेली चर्चे पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नव्हते. बहीण हळूच म्हणाली, "हे तर आपल्यासारखेच की!" आणि तिने क्रूसाची खूण केली.

केबिन गावापासून मैलभर अंतरावर, मठाच्याच बाजूच्या कड्यावरील गवताळ माळावर होती. दाराशेजारी एक छोटी डबी होती. तिचे आकडे जुळवले की आतून किल्ली निघे. आत दोन लहान खोल्या, एक स्वयंपाकाचा ओटा, गॅसची शेगडी, खाऊन उठल्यावर दुमडून ठेवायचे मेज आणि बाहेर चार माणसे बसतील एवढी लाकडी ओसरी. आमच्या वाट्याला आलेला पलंग आमच्याहून चार बोटे आखूड होता. भिंतींना पाइनच्या लाकडाचा वास येई. रात्री पाऊस आला की छपरावर असा वाजे की बालपणीचे घर आठवावे. पहाटे साडेचारलाच उजाडे आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळे. वसईच्या माणसाने सूर्याला समुद्रात बुडताना रोज पाहिलेले असते, पण इथे तो समुद्रातून वर येई. रोज सकाळी त्या दुमडत्या मेजावर आम्ही मिस्सा अर्पण करीत असू. बहीण, भाचा आणि भाचेसून पलंगाच्या कडेवर बसत. नात खिडकीपाशी उभी राही.

पहिले दोन दिवस गाव पाहण्यात गेले. एस्क नदी गावाचे दोन भाग करते. त्यांना जोडणारा पूल १९०८ सालचा आहे. बोटी यायच्या वेळी तो बाजूला फिरतो आणि माणसे निमूटपणे वाट पाहत उभी राहतात. जेम्स कुक हा पुढे जगप्रसिद्ध झालेला दर्यावर्दी १७४६ साली ह्याच गावात एका जहाजमालकाकडे उमेदवारीला आला होता. ज्या 'एन्डेव्हर' जहाजातून १७६८ साली तो पॅसिफिकच्या सफरीवर निघाला, ते जहाजही येथेच बांधलेले. पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान उभी आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत येथील माणसे देवमाशांच्या शिकारीसाठी उत्तर ध्रुवाकडे जात. त्यांपैकी किती परतली नसतील, हा विचार कोळ्यांच्या शेजारात वाढलेल्या आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. दुकानांतून जेट नावाच्या काळ्याभोर दगडाचे दागिने मांडलेले असतात. हा खरे तर लक्षावधी वर्षे गाडले गेलेले लाकूडच. १८६१ साली आपला पती वारल्यावर व्हिक्टोरिया राणीने तो वापरला आणि साऱ्या इंग्लंडात शोकाचा अलंकार म्हणून त्याची मागणी वाढली. गल्लीबोळांतून हेरिंग मासा लाकडाच्या धुरात धरून त्याचे 'किपर' करतात, त्याचा वास येतो. भाच्याने नियम नीट तपासल्यावर बहिणीने सोबत सुके बोंबील आणले होते. ते तळताना शेजारच्या केबिनवाल्यांना काय वाटेल, ही तिची चिंता त्या वासाने दूर केली.

नातीला मात्र ह्यांतल्या कशातच रस नव्हता. तिला हवे होते ते अमोनाइट. अमोनाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या शंखवर्गीय प्राण्यांचे दगड झालेले अवशेष. वेटोळे घालून बसलेल्या सापासारखे ते दिसतात आणि व्हिटबीच्या किनाऱ्यावर सापडतात. पहिल्या दिवसापासून ती त्यांच्याविषयी इंग्रजीतून भरभरून सांगत होती आणि प्रत्येक वेळी आम्ही एकच उत्तर देत होतो, "मराठीत सांग बघू." मग ती दोन शब्द जुळवी. आम्ही त्यांतील लिंग सुधारत असू, विभक्ती सुधारत असू. तिसऱ्या दिवशी तिने आम्हांस अमोनाइटविषयी सांगणे सोडून दिले. आम्हांस ते ध्यानातही आले नाही.

त्या संध्याकाळी सर्वजण मेजाभोवती बसलो. वरण-भात होता, बोंबील होते. आम्ही नातीला म्हणालो, "आज तू प्रार्थना म्हणायची. मराठीत." तिने आजीकडे पाहिले. "शिकवली आहे ना तुला? म्हण." तिने पहिले तीन शब्द म्हटले. तिसरा चुकला. आम्ही तो सुधारला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तेथेच अडखळली. आम्ही हसून म्हणालो, "अगं, आपल्या भाषेतली एवढीशी प्रार्थना!" आमच्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण ती खुर्चीवरून उतरली, दार उघडले आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसली. भाचेसून तिच्या मागोमाग गेली. भाचा काहीच बोलला नाही. जेवण झाल्यावर तो बराच वेळ भांडी घासत राहिला.

सारे झोपायला गेल्यावर बहीण आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "तू चुकलास." आम्ही म्हणालो, "तूच तर सांगितले होतेस." त्यावर ती म्हणाली, "शिकव म्हणून सांगितले होते. तिला येते ते तू एकदाही ऐकले नाहीस, आणि येत नाही तेच विचारलेस." एवढे बोलून ती निजली. त्या आखूड पलंगावर आम्हांस झोप आली नाही.

सकाळी समुद्रावरून दाट धुके आले होते. मिस्सा झाल्यावर, कड्याकाठची पायवाट टाळून आम्ही एकटेच रस्त्याने मठाकडे गेलो. तेथे आमच्याशिवाय क्वचितच कुणी होते. आज उभ्या असलेल्या ह्या भिंती तेराव्या शतकापासून पुढच्या काळातील आहेत. आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत, १५३९ साली हा मठ बंद करण्यात आला. पुढे छप्पर गेले. १८३० साली मधला मनोरा कोसळला. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांच्या तोफांनी पश्चिमेकडील दर्शनी भिंतीला भगदाड पाडले. ह्याच जागी सर्वांत आधी, म्हणजे ६५७ साली, संत हिल्डाने जो मठ वसवला त्याचे आज जमिनीवर काहीही उरलेले नाही. तेथे स्त्रिया आणि पुरुष दोघेही व्रतस्थ जीवन जगत आणि दोघांवरही हिल्डाचाच अधिकार चाले. तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले.

सेमिनरीत चर्चच्या इतिहासाच्या तासाला व्हिटबीचे नाव आम्ही प्रथम ऐकले. ६६४ सालची व्हिटबीची धर्मसभा हा परीक्षेतील हमखास प्रश्न. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑसवी हा आयरिश मठवासीयांच्या परंपरेत वाढलेला, तर त्याची राणी केंटहून आलेली आणि रोमची प्रथा पाळणारी. दोघांची ईस्टरची तारीख काढण्याची रीत वेगळी. त्यामुळे कधी कधी राजाचे ईस्टर उजाडे, तेव्हा राणीचा उपवासकाळ अजून संपलेला नसे. एकाच राजवाड्यात एकाच्या ताटात मेजवानी आणि दुसरीचे उपोषण! अखेर हिल्डाच्या मठात सभा भरली. आयरिश बाजूने बिशप कोलमन बोलले, रोमच्या बाजूने विल्फ्रिड बोलले. राजाने संत पेत्राच्या किल्ल्यांचा मान राखून रोमच्या बाजूने निर्णय दिला. कोलमन आपल्या अनुयायांना घेऊन निघून गेले. हिल्डा स्वतः आयरिश बाजूची होती. तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत तिची बाजू हरली. परंतु ती गेली नाही. तिने निर्णय मान्य केला आणि आणखी सोळा वर्षे, म्हणजे १७ नोव्हेंबर ६८० रोजी मरण येईपर्यंत, त्याच मठाची धुरा वाहिली. त्यांतील अखेरची सहा वर्षे तर ती आजारी होती.

परीक्षेला आम्ही एवढेच लिहिले होते आणि आम्हांस चांगले गुण मिळाले होते. पण ह्याच मठाची दुसरी एक गोष्ट आहे. ती परीक्षेला नव्हती. ती केडमनची गोष्ट.

ही गोष्ट बीड नावाच्या विद्वान मठवासीयाने ७३१ साली पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात सांगितली आहे. (आपल्या मराठवाड्यातील बीडशी त्यांचा संबंध नाही!) केडमन हा मठाची गुरे राखणारा, वय झालेला, अक्षरशत्रू माणूस. त्या काळी मेजवानीत वीणेसारखे एक वाद्य हातोहात फिरवीत आणि ज्याच्या हाती ते येई त्याने गाणे म्हणावे अशी रीत होती. केडमनला गाणे येत नसे. वाद्य आपल्याकडे येत आहे असे दिसले की तो पंगतीतून उठे आणि घरी जाई. एका रात्री तो असाच उठला आणि राखणीची पाळी असल्याने गोठ्यात जाऊन निजला. स्वप्नात कुणीतरी त्याला नावाने हाक मारून गाणे म्हणावयास सांगितले. मला गाता येत नाही, म्हणून तर मी पंगतीतून उठून आलो, असे तो म्हणाला. तरीही तुला माझ्यासाठी गायचे आहे, असे उत्तर आले. काय गाऊ, असे विचारता सृष्टीच्या आरंभाविषयी गा, असे सांगण्यात आले. आणि केडमनने पूर्वी कधी न ऐकलेल्या ओळी स्वप्नात रचून म्हटल्या. लोकांच्या बोलीतील, अवघ्या नऊ ओळींची ती स्तुती आज उपलब्ध असलेल्या इंग्रजी काव्यातील सर्वांत जुन्या रचनांपैकी एक मानली जाते.

दुसऱ्या दिवशी केडमनला हिल्डापुढे नेण्यात आले. धुक्यातील त्या ओल्या भिंतींपाशी उभे असताना आमचे मन गोष्टीच्या ह्याच भागावर थबकले. हिल्डा राजघराण्यातील स्त्री. तिच्याभोवती लॅटिन जाणणारी विद्वान मंडळी. समोर गुराखी. तिने त्याला काय येत नाही हे तपासले नाही. विद्वानांना बसवून त्याचे ऐकून घेतले. मग पवित्र शास्त्रातील एक भाग त्याला समजावून सांगण्यात आला आणि तो घरी गेला. सकाळी तो त्याच भागाचे काव्य घेऊन परतला. हिल्डाने त्याला मठात सामावून घेतले आणि पवित्र इतिहास क्रमाने त्याच्या कानी घालण्याची व्यवस्था केली. ऐकलेले तो गाईने रवंथ करावा तसे मनात घोळवी आणि त्याचे गीत करी, असे बीड सांगतात. गुराख्याला ह्याहून शोभणारी उपमा कोणती असणार!

केडमन संत झाला, हिल्डा संत झाली. परंतु त्या मेजवानीत वाद्य पुढे सरकवणारी माणसे कोण होती? त्यांची नावे बीड देत नाहीत. ती दुष्ट नव्हती. ती खात होती, गात होती, आणि एक माणूस रोज आपल्यातून उठून जातो हे तिच्या ध्यानातही येत नव्हते. वाचकहो, आदल्या रात्री ओसरीवर गेलेली पोर आम्हांस आठवली आणि आमची जागा त्या गोष्टीत कोणती आहे, हे आम्हांस उमगले.

आणि एकदा एक आठवण दार उघडून आत आली की दुसरी तिच्या मागे उभीच असते. पालघरकडील एका धर्मग्रामात आम्ही प्रमुख धर्मगुरू होतो. तेथे एक वारली गृहस्थ होते. शेतमजुरी करणारे, प्रौढ वयात रात्रशाळेत अक्षर शिकलेले. आमच्याच आग्रहावरून ते रविवारी मिस्सात वाचन करू लागले. त्यांच्या बोलीचा सूर वाचनात उतरे, जोडाक्षरे अडखळत. एका रविवारी, २००९ साली, संत पौलाच्या पत्रातील एक शब्द त्यांनी चुकीचा उच्चारला आणि आम्ही वेदीवरून, ध्वनिक्षेपकातून तो सुधारला. दुसरा चुकला, तोही सुधारला. लोक हसले. त्यांनी वाचन पूर्ण केले, ग्रंथ मिटला, खुणेची फीत नीट आत सारली आणि ते जागेवर जाऊन बसले. त्यानंतर ते पुन्हा वाचायला आले नाहीत. मिस्सा त्यांनी कधी चुकवली नाही. शेवटच्या बाकावर बसत. तीन वर्षांनी आमची बदली झाली. त्या तीन वर्षांत आम्ही त्यांच्याशी त्याविषयी एक शब्दही बोललो नाही.

हे घडावे तरी कुणाच्या हातून? आम्ही वसईच्या सामवेदी घरातले. बोर्डिंगमध्ये पहिल्या दिवशी तोंडातून घरची बोली निघाली आणि सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून ती बोली आम्ही सुट्टीपुरती राखून ठेवली, पुस्तकी मराठी घोटली, आणि जे आमचे झाले तेच आम्ही दुसऱ्याचे केले. मार खाल्लेला माणूस मारणार नाही, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही.

परतताना सेंट मेरी चर्चमध्ये शिरलो. हे अँग्लिकन चर्च मठाच्या शेजारी, गावातून वर येणाऱ्या १९९ पायऱ्यांच्या माथ्यावर आहे. आत उंच कडांच्या पेटीसारख्या बैठका आहेत. काहींवर त्या फक्त परक्यांसाठी राखीव असल्याचे लिहिलेले आहे. आम्ही त्यांतल्याच एकीत बसलो. तेथील उंच व्यासपीठाच्या मागे लांबलचक कर्णे बसवलेले आहेत. एकोणिसाव्या शतकातील एका धर्मगुरूची पत्नी बहिरी होती, तिला प्रवचन ऐकू यावे म्हणून केलेली ती योजना. व्यासपीठावरून बोलण्याची साधने आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या प्रत्येक धर्मग्रामात ध्वनिक्षेपकासाठी निधी उभारला गेला. ऐकण्याचे साधन व्यासपीठाला जोडलेले आम्ही प्रथमच पाहिले.

चर्चच्या आवारात केडमनच्या स्मरणार्थ १८९८ साली उभारलेला दगडी क्रूस आहे. त्याच्यापाशी उभे असता आम्हांस आणखी एका इंग्रजाची आठवण झाली. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ज्या मराठीचा आम्ही नातीपुढे एवढा तोरा मिरवला, तिच्यात ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध करणारा हा पुरुष जन्माने इंग्रज होता. त्यांचे पहिले मराठी वाक्य काही ओवी नसणार. तेही तोडकेमोडकेच असणार. पण तेव्हाच्या गोव्यात कुणीतरी ते ऐकून घेतले असले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हांस जवळच्या उग्थॉर्प गावाकडे नेले. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू असणे हा गुन्हा होता, त्या काळात फादर निकोलस पोस्टगेट ह्या भागात एका गवती छपराच्या झोपडीत राहत आणि मूर पायी तुडवीत घरोघरी जात. १६२८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती. एका घरी बाळाचा स्नानसंस्कार करण्यास गेले असता ते पकडले गेले आणि ७ ऑगस्ट १६७९ रोजी, ऐंशीच्या घरात असताना, यॉर्क येथे त्यांना फाशी देण्यात आले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८७ साली त्यांना धन्य म्हणून घोषित केले. त्या उघड्या माळावरील वारा सोसत उभे असता एवढेच वाटले की, ज्याच्याशी आपले काम आहे त्याच्या दारापर्यंत चालत जावे लागते.

आमचे पहिले दार केबिनमध्येच होते. आम्ही नातीला म्हणालो, "उद्या मला अमोनाइट दाखवशील? तुला जमेल त्या भाषेत." तिने क्षणभर आमचा विश्वास बसण्याजोगा आहे की नाही हे पाहिले. मग ओहोटीच्या वेळी आम्ही दोघे भाच्यासह किनाऱ्यावर गेलो. कड्याखाली जायचे नाही, दगड कोसळतात, तिने आम्हांस बजावले. वाळूतले सुटे दगड उचलायचे, गोल असेल तो पाहायचा, कडेला रेघा आहेत का ते तपासायचे. हिल्डाने गावातील सापांना शाप देऊन दगड केले आणि तेच हे अमोनाइट, अशी दंतकथा तिने शाळेत ऐकली होती. पूर्वीचे विक्रेते त्या दगडांना सापाची डोकीही कोरून देत, हेही तिला ठाऊक होते. एका जातीच्या अमोनाइटला शास्त्रज्ञांनी हिल्डाचेच नाव दिले आहे, हे आम्हांस तिच्याकडून कळले. दोन तास आम्ही ऐकत होतो. मध्ये एकदाही आम्ही तिला थांबवले नाही. हे सोपे होते असे कुणी समजू नये.

शेवटच्या रात्री जेवायला बसलो तेव्हा कुणीच तिला प्रार्थना म्हण असे म्हटले नाही. भाचा सुरुवात करणार इतक्यात ती स्वतःच हात जोडून बोलू लागली. अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी. अमोनाइटबद्दल आभार, बाबाच्या गाडीबद्दल आभार, आणि शेवटी, "देवा, आजीचा गुडघा लवकर बरी कर." बहिणीने आमच्याकडे पाहिले. आम्ही 'आमेन' म्हणालो.

पुढे ती मराठीतून प्रार्थना करील की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. न केल्यास आम्हांस दुःख होईल. पण बाजू हरली तरी घर सोडायचे नसते, हे आम्ही हिल्डाकडून शिकलो आहोत. एकाच घरात दोन ईस्टर नांदत होती, तसे एकाच मेजावर दोन भाषांनी नांदायला हरकत नाही.

परत आल्यावर, पाऊस सुरू झाल्यावर, आम्ही पालघरकडे गेलो. रस्त्यापासून पाड्यापर्यंतची वाट चिखलाची होती. ते गृहस्थ घरीच होते, पुष्कळच थकलेले. आम्ही पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची आठवण काढली आणि क्षमा मागितली. ते काही वेळ गप्प राहिले. विसरलो, असे ते म्हणाले नाहीत. मग "फादर, च्या घ्या," असे म्हणून त्यांनी कोरा चहा पुढे केला. पुन्हा वाचन कराल का, असे आम्ही विचारले. आता डोळ्यांना अक्षर दिसत नाही, ते म्हणाले.

मग तिकडे काय पाहिलेत, असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना गुराख्याची गोष्ट सांगितली. पंगत, गोठा, स्वप्न, मठमाता, सारे सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि शेवटी एकच प्रश्न केला, "तो मठात गेल्यावर त्याची गुरे कोण राखत होता?"

सेमिनरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बीडने त्याचे उत्तर दिलेले नाही. आम्ही तसे त्यांना सांगितले. ते मान हलवून म्हणाले, "कुणीतरी राखली असतील."